वखारीची मागची भिंत

मंदीची वर्षं होती. सरकारी रस्त्यांची कामं बंद पडली आणि आम्हा हंगामी ओव्हरसियरांना घरी बसवलं. मी उचगावला परत आलो. घरची शेती दोघा थोरल्या भावांना जेमतेम पुरायची. पुण्याला शिकून आलेला तिसरा भाऊ नुसता बांधावर उभा दिसला की वडील दुसरीकडं बघायचे. त्यांना राग आलेला नसायचा, माझ्याशी काय बोलावं हेच त्यांना सुचत नव्हतं. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका खेड्यात. तिकडं जाऊन तिला काय सांगायचं हेही मला ठाऊक नव्हतं.

अशात बेळगावच्या कँपातल्या एका निवृत्त इंजिनियर साहेबांचा निरोप आला. सरकारी नोकरी संपल्यावर ते खाजगी कामं घेत. त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि सरळ विचारलं, "निपाणीला राहाल का? एका तंबाखूच्या वखारीच्या भिंतीला तडा गेलाय. इमारत हलतेय की नाही, एवढंच बघायचं."

"किती दिवस बघायचं?" मी विचारलं.

"हंगाम संपेपर्यंत. वखार रिकामी करता येणार नाही, काम थांबवता येणार नाही. चालू इमारतीवर नजर ठेवायची आहे. पद्धत तुम्ही ठरवा, मला दर आठवड्याला कळवा."

मी लगेच हो म्हणालो. पद्धत तुम्ही ठरवा, हे वाक्य मला त्या दिवशी फार आवडलं होतं.

वखार निपाणीच्या बाजारपेठेमागं, एका नाल्याला लागून होती. खाली काळ्या दगडाच्या भिंती, वर विटांचा माळा, त्यावर मंगळुरी कौलं. खालच्या लांबलचक दालनात बायका तंबाखू चाळायच्या, काड्या निवडायच्या. वरच्या माळ्यावर पोती रचलेली असायची. ती आत यायची ती रस्त्याच्या बाजूनं, माळ्याच्या मोठ्या खिडकीतून, कप्पीवर दोर लावून. खालच्या दालनाला मात्र एकच दार होतं, माळ्याचा जिनाही आतूनच. लोखंडी पट्ट्या मारलेलं, दोन फळ्यांचं. मागच्या भिंतीत वर छोटे झरोके होते, तेही गजांचे.

पहिल्या सकाळी मी बायकांच्या मागोमाग आत गेलो. माझ्या पाठीमागं दार लागलं आणि बाहेरून कुलूप घातल्याचा आवाज आला. मला वाटलं, काहीतरी चूक झाली. मी दारावर थाप मारली.

बाहेरून मुकादम म्हणाला, "काय पायजे?"

"मी आत आहे. ओव्हरसियर."

"ठावं हाय की. दुपारी उघडतो भाकरीला."

आतल्या बायका हसल्या. त्यांच्यातली एक चाळिशीची, उंच, कपाळावर मोठं गोंदण असलेली बाई पुढं आली. सगळ्या तिला आक्का म्हणायच्या आणि पुढं मीही तेच म्हणू लागलो. ती म्हणाली, "अण्णा, ह्ये असंच असतंय हितं. चोरी हुतीया म्हून कुलूप. जाताना झडती बी घेत्यात. तुमाला पैलाच दिस हाय, नाकाला काय तरी बांधा."

मी रुमाल बांधला तरी उपयोग झाला नाही. चाळण्या सुरू झाल्या आणि दालनात तंबाखूचा खकाणा भरला. डोळ्यांतून पाणी, घशात आग, छातीवर कुणी बसल्यासारखं. मी झरोक्याखाली जाऊन उभा राहिलो. झरोका माझ्या डोक्याच्या बराच वर होता आणि त्यातून दिसत होतं ते नुसतं आभाळ. दुपारी दार उघडलं तेव्हा मी सगळ्यांत आधी बाहेर धावलो. मुकादमानं माझेही खिसे तपासले.

तडा मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात होता. माळ्याच्या वर रुंद, खाली येता येता केसासारखा. मी पहिला विचार केला तो काचेच्या पट्ट्यांचा. तड्यावर आडवी काच दोन्ही टोकांना चुन्यात बसवायची. भिंत जराशी हलली तरी काच फुटते. सोपी पद्धत, बिनखर्चाची. मुकादमानं काच बघितली आणि माझ्या हातातून काढूनच घेतली.

"काचंचा कण तंबाखूत गेला तर? गिऱ्हाईक शेठजींच्या तोंडावर पोती फेकंल. काच न्हाय चालायची."

त्याचं बरोबर होतं. मग मी काचेऐवजी निव्वळ चुन्याच्या पातळ पट्ट्या लिंपल्या. त्या आठवड्याच्या आतच चिरल्या. हललंय एवढं त्यावरून कळलं. किती आणि कुठल्या अंगाला, ते कळलं नाही. शिवाय एका सकाळी आत जातो तर पट्ट्या दिसेनात. मुकादमानं कोपऱ्याला सफेदी मारून घेतली होती. बायका घाबरतात, असं त्याचं म्हणणं.

राहिली लेव्हल. तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायची दुर्बीण साहेबांनी दिलीच होती. जोत्याच्या दगडांत मी पितळी खिळे ठोकले, हमरस्त्याच्या जुन्या दगडी मोरीवर एक पक्की खूण केली आणि तिथून पट्टी धरत धरत वखारीपर्यंत उंची मोजत आलो. मोरी हलत नाही असं धरायचं. मग तिच्या मानानं वखारीचं जोतं खाली बसतंय का ते बघायचं. नाल्याकाठची काळी माती. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मला खात्री होती की पाया बसत असणार.

पण पाया बसत नव्हता. मी पुन्हा पुन्हा मोजलं. खिळे होते तिथंच होते. साहेब बेळगावहून आले, त्यांनी स्वतः दुर्बिणीतून बघितलं आणि खूश झाले. मालकांच्या पेढीवर आम्हाला चहा आणि बेळगावी कुंदा मिळाला. साहेब म्हणाले, "शेठजी, इमारत जागेवरून हललेली नाही. माझ्या डिझाईनचा माळा आहे, तुम्ही निर्धास्त राहा."

माझा चहा हातातच राहिला. माळा साहेबांनी बांधून दिला होता, हे मला तेव्हा कळलं. मूळ वखार बैठी होती. मंदीच्या आधी, तंबाखूला चांगले दिवस होते तेव्हा जुन्या भिंतींवर विटा चढवून, तुळया टाकून माळा केला होता.

परत जाताना मी त्यांना म्हणालो, "साहेब, तडा वर रुंद आहे. पाया बसत असता तर खाली काहीतरी दिसलं असतं. भिंत बाहेर झुकत असेल. लेव्हलनं वर-खाली कळतं, झुकणं कळत नाही."

ते थांबले. "मग काय करावं म्हणता?"

"थिओडोलाइट लावून बाहेरून झुकण्याचा कोन बघावा."

"मागं नाला आहे. मान मोडेल एवढा चढा कोन येईल. त्या वाचनाला काही अर्थ नाही."

हेही खरंच होतं. नाल्याच्या पलीकडं एका घराची भिंत होती आणि मध्ये यंत्र उभं करायला जागाच नव्हती. मी म्हणालो, "मग आतून ओळंबा सोडतो."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "सोडा," ते म्हणाले. "पण शेठजींना उगाच काही बोलू नका."

ओळंब्यासाठी मला माळ्याच्या फळीला भोक पाडावं लागलं आणि भिंतीलगतची पोती हातभर मागं सरकवावी लागली. मुकादम दोन दिवस कुरकुरला. भिंतीच्या माथ्याशी, कौलांच्या खाली मी लोखंडी आंकडा बसवला. त्यातून पितळी तार सोडली, माळ्याच्या भोकातून खाली दालनात आणली. सुती दोरी दमट हवेत लांबते-आखूड होते, म्हणून तार. खाली जड ओळंबा. बायकांच्या येण्याजाण्यानं तो झुलत राहायचा, म्हणून तो पाण्याच्या बादलीत बुडवला. पाण्यात तो लवकर स्थिर होतो. बादलीशेजारी जमिनीत एक दगड पुरला आणि त्यावर पितळी पट्टी पक्की केली. भिंतीचा माथा बाहेर गेला की वरचा आंकडा त्याच्याबरोबर जाणार आणि खाली तार पट्टीवर भिंतीकडं सरकणार. एवढी साधी रचना.

पण ती वाचायला मला दिवसभर त्या दालनात असावं लागे. सकाळी पोती चढायच्या आधी, दुपारी, संध्याकाळी. म्हणजे रोज कुलपाआड. बाहेर राहून लेव्हल लावत होतो ते दिवस मला आता सुखाचे वाटू लागले. आत वेळ कळायचा नाही. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून सरकायचं तेवढंच. खोकत खोकत मी बादलीशेजारी बसायचो. बादलीच्या पाण्यावर खकाण्याची साय धरायची. ती काढून टाकली की थोड्या वेळानं पुन्हा. घरी खोलीवर गेलो तरी भाताला तंबाखूचा वास यायचा. बायकोचं पत्र आलं की तिकडं अजून पाऊस आहे, जंगलात जळवा झाल्यात, अंगण निसरडं झालंय. मी ते झरोक्याखाली उभं राहून वाचायचो.

काही दिवसांनी मला एक गोष्ट दिसली. माळ्यावर पोती चढली की तार भिंतीकडं सरकायची. माल गाडीवर जाऊन माळा मोकळा झाला की ती मागं यायची. इमारत श्वास घेते तसं. मला पहिल्यांदा बरं वाटलं. भार आला की वाकते, भार गेला की उभी राहते. हे वाईट लक्षण नव्हतं. मग सुगीनंतरचा माल यायला लागला. कागवाड, संकेश्वर, कागल, कुठकुठून गाड्या. एकदा बराच माल एकदम उचलला गेल्यावर माळा निम्मा रिकामा झाला आणि मी वाट बघत बसलो. तार मागं आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी साहेबांना सगळं सविस्तर कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. लेव्हलचे आकडे बदललेले नाहीत, त्याअर्थी चिंतेचं कारण नाही. ओळंबा हवेनं आणि माणसांच्या वावरानं बिघडतो, त्यावर भिस्त ठेवू नये. मी पुन्हा पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं नाही.

आक्कानं माझं तोंड बघून विचारलं, "काय म्हणतोय तुमचा ओळंबा?"

"काही नाही."

"तुमी खोटं बोलाय लागलासा की कान लाल हुत्यात तुमचं."

मी तिला सांगितलं. सगळं नाही, भिंत थोडी बाहेर जातेय, एवढंच. ती चाळणी हलवत ऐकत राहिली. म्हणाली, "मालकास्नी सांगा."

"माझ्या साहेबांनी मनाई केलीय."

"मंग तुमी बी आमच्यावानीच." ती सहज म्हणाली, तिच्या मनात टोचणं नव्हतं. मला मात्र ते दिवसभर खुपत राहिलं. नोकरी सोडावी असं रोज सकाळी वाटायचं. सोडून जायचं कुठं, तर उचगावच्या बांधावर. आणि मी गेलो तर तारेकडं बघणारं कुणीच उरणार नव्हतं. मी रोज सकाळी आत जात राहिलो.

तो दिवस मोठ्या आवकेचा होता. पेठेपासून वखारीपर्यंत बैलगाड्या लागल्या होत्या. दुपारची भाकरी झाली, बायका आत आल्या, कुलूप पडलं, आणि वर कप्पीचा करकराट पुन्हा सुरू झाला. धप्प, धप्प. प्रत्येक पोत्यासरशी माळ्याच्या फळ्यांतून धूळ गळायची. मी पट्टी वाचली. तार सकाळपेक्षा चांगलीच सरकली होती. वाटलं, बादलीला धक्का लागला असेल. पण पट्टी दगडावर होती, बादलीचा तिच्याशी संबंध नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा वाचली. आणखी सरकली होती. तार माझ्या डोळ्यांदेखत हलत नव्हती, पण दर वेळी ती नव्या जागी असायची.

मी वर बघितलं. माळ्याच्या तुळया मागच्या भिंतीत जिथं घुसल्या होत्या तिथं नजर गेली. आजवरच्या खकाण्यानं आणि कंदिलांच्या धुरानं तुळया काळ्याभोर झाल्या होत्या. पण भिंतीलगत, दोन तुळयांवर, काळ्या लाकडाच्या पुढं पांढुरक्या, कोऱ्या लाकडाची एक पट्टी दिसत होती. जो भाग इतके दिवस भिंतीच्या आत होता तो बाहेर आला होता. भिंत तुळया सोडून चालली होती.

त्या तुळयांखाली पंधरा-वीस बायका बसलेल्या.

मी आक्काजवळ गेलो. ओरडलो नाही. म्हणालो, "आक्का, सगळ्यांना दाराकडं घ्या. या भिंतीपासून लांब. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

मी बोट दाखवलं. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं. तिनं चाळणी खाली ठेवली आणि हाक दिली, "उठा गं समद्या! तंबाखू राहू द्या, उठा!"

काही उठल्या, काही बघतच राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "मुकादम येऊन शिव्या घालंल. आजचा रोज कापंल."

"कापू दे. उठ आधी."

बायका दाराशी गोळा झाल्या. मी जिन्यानं वर धावलो. वर दोन हमाल कप्पीवरचा दोर ओढत होते. मी त्यांना थांबवलं. त्यांनी भिंतीचा माथा बघितला. तिथून तर कौलांखालचं आभाळ दिसत होतं. एकानं खिडकीतून दोर धरला आणि खाली सरकला. दुसरा म्हणाला, "अण्णा, मी बी जातो, मुकादमाला हुडकून आणतो. तुमी बी उतरा की!"

दोर माझ्या हाताशी होता. खाली रस्ता होता, बैल रवंथ करत होते, एक गाडीवान वर बघत होता. मला उतरता आलं असतं. रस्त्याच्या कामांवर मी याहून अवघड जागी चढलो-उतरलो होतो. नऊवारीतल्या बायकांना आणि त्या म्हातारीला उतरता आलं नसतं, आणि त्या सगळ्यांना या माळ्यावर आणणं म्हणजे भिंतीवर आणखी भार. मी त्याला म्हणालो, "तू जा. किल्ली घेऊन ये." आणि जिना उतरलो. मी धीराचा माणूस नाही. खाली उतरताना प्रत्येक पायरीला वाटत होतं, परत फिरावं.

मग सुरू झालं वाट बघणं. दाराला टेकून आम्ही सगळे उभे. बाहेर गाडीवान जमले होते. आक्का फटीतून ओरडली, "कुलूप मोडा रं! भिंत पडाय लागलीया!"

बाहेरून कुणीतरी म्हणालं, "मालकाचं कुलूप हाय ते. मुकादम येतोय म्हणं, थांबा."

"आमी मेल्यावर येऊ दे मंग!"

कुणी कुलपाला हात लावला नाही. ते वाईट लोक नव्हते. शेठजींच्या वखारीत त्यांचा माल जायचा, पुढच्या वर्षीही जायचा होता. मी फटीतून त्यांचे पाय बघत होतो, धुळीनं भरलेले, पुढं मागं होणारे.

चाळण्या थांबल्यामुळं खकाणा हळूहळू खाली बसत होता आणि मला तिथं आल्यापासून पहिल्यांदाच दालनाचं दुसरं टोक स्वच्छ दिसत होतं. भिंतीतून चुन्याचे खडे सुटून पडायचे. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप, टप. दर आवाजाला बायकांची रांग दाराकडं आणखी दाबली जायची. एका तरुण पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि ती माझ्या सदऱ्याची बाही धरून उभी होती. ती माझी बाही आहे हे तिला कळत नसावं. म्हातारी पुटपुटत होती. मला वाटत होतं, मोजायला शिकलो म्हणून मला आधी कळलं. पण कळून मी त्यांच्याबरोबर त्याच दाराशी उभा होतो.

आक्का हळू आवाजात म्हणाली, "तुमी दोरानं गेला असता तर चाललं असतं. कोन नावं ठेवणार न्हवतं."

"भीती वाटली," मी म्हणालो. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

मुकादम आला तो धापा टाकत. कुलपात किल्ली फिरली, दाराची एक फळी अर्धवट उघडली आणि तो फटीत आडवा उभा राहिला. "एकेक या! झडतीबिगर कोन जायाचं न्हाय!"

मला क्षणभर वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्यानं खरोखर पहिल्या बाईचा पदर तपासायला सुरुवात केली. त्याच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता. दार उघडलं की झडती, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की भिंत पडताना दुसरं काही करावं हे त्याला सुचलंच नाही.

मी ओरडलो, "बाजूला हो!" तो हलला नाही. मग आक्का पुढं झाली. तिनं दोन्ही हातांनी त्याची छाती अशी ढकलली की तो पाठीमागं गाडीच्या चाकावर आदळला. तिनं दुसरी फळीही उघडली आणि उंबऱ्याशेजारी उभी राहून एकेकीला दंडाला धरून बाहेर काढलं. पोरीला, म्हातारीला, मला. शेवटी ती आली.

आम्ही रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिलो. सगळी पेठ जमली. सगळे भिंतीकडं बघत होते.

भिंत पडली नाही.

संध्याकाळ झाली, बैल सोडले गेले, लोक पांगले, आणि भिंत उभीच. मुकादमानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "कुठं पडली वो तुमची भिंत?" हसू पसरलं. ज्या गाडीवानांनी कुलपाला हात लावला नव्हता तेच जास्त हसले. शेठजींनी मला पेढीवर बोलावून उभंच करून ठेवलं आणि बेळगावला माणूस पाठवला.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी आधी लेव्हल लावली. आकडे होते तेच होते. शेठजींनी माझ्याकडं बघितलं. माझी बोलायची इच्छाच उरली नव्हती. पण साहेब मला म्हणाले, "चला वर." जिन्यात ते दोनदा थांबले, त्यांना दम लागायचा. माळ्यावर त्यांनी भिंतीलगतच्या फटीतून तुळयांची टोकं बघितली. खिशातून रुमाल काढून त्या कोऱ्या लाकडावर फिरवला. रुमाल पांढराच राहिला. मग ते एका पोत्यावर बसले.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"मी कळवलं होतं, साहेब."

"हो," ते म्हणाले. "कळवलं होतंत."

त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. माझ्यावर ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते फक्त म्हातारे दिसत होते. खाली येऊन त्यांनी शेठजींना सांगितलं की मागच्या बाजूचा सगळा माल आज उतरवा आणि एका भिंतीपासून दुसरीपर्यंत लोखंडी सळ्या घालून दोन्ही भिंती बांधून घ्या. खबरदारी म्हणून, असं ते म्हणाले. इमारतीला दोष नाही, असंही म्हणाले. शेठजींना एवढंच ऐकायचं होतं.

सळ्या आल्या. बाहेरून जाड लोखंडी चकत्या लावून त्या आवळल्या. तुळयांखाली नवे खांब दिले. दालन पुन्हा सुरू झालं. बायकांना शेठजींनी परत घेतलं, कारण हंगाम अर्ध्यावर होता आणि इतकी माणसं दुसरीकडं मिळणार नव्हती. आक्कालाही घेणार होते, मुकादमाची माफी मागितली तर. ती आली, दाराशी उभी राहिली, मुकादमाकडं बघितलं आणि तशीच परत गेली. मी तिच्या मागं गेलो. म्हणालो, "मी शेठजींशी बोलतो."

"काय बोलणार?" ती म्हणाली. "तुमी आत जावा. कुलूप लावायची येळ झाली."

आणि मी गेलो. कारण सळ्या बसल्या तरी त्या धरतात की नाही हे बघायला कुणीतरी लागणारच होतं, आणि ओळंबा कसा वाचायचा हे एकट्या मलाच ठाऊक होतं. साहेबांनी आता स्वतःच सांगितलं की लेव्हल राहू द्या, तार वाचा. पद्धत माझी ठरली होती, आणि त्या पद्धतीनं मला पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्या दालनात कोंडून ठेवलं. मुलगी झाल्याची बातमी मला आतच कळली. हमालानं माळ्याच्या भोकातून ओरडून सांगितली. भिंतीच्या त्या दिवसापासून जिन्यालाही वरून कुलूप असायचं; मी दारावर थाप मारली, जाऊ द्या म्हणालो. दार संध्याकाळी उघडलं. तेव्हा कणकुंबीकडं जाणारी गाडी निघून गेली होती.

तार मात्र स्थिर राहिली. माळा भरला की अगदी थोडी हलायची, रिकामा झाला की आपल्या जागी यायची. बायका आता येता-जाता विचारायच्या, "आज काय म्हणतोय?" आणि मी बरं आहे म्हटलं की कामाला बसायच्या. मी बरं नाही म्हटलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दाराचं कुलूप तसंच होतं.

दसऱ्यानंतर खानापूरच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं आणि मला बोलावणं आलं. मी साहेबांचा निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी यंत्राची जुनी लाकडी पेटी मला देऊ केली. मी घेतली नाही. त्यांनी आग्रह केला नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी संकेश्वरच्या बाजारात मला आक्का भेटली. केस पांढरे झाले होते, पण उभी राहायची पद्धत तीच. घरी विड्या वळते म्हणाली. घरचं दार उघडं असतंय, पण पाठ मोडती. माझ्या मुलीबद्दल विचारलं. तिच्यासाठी गुळाची ढेप घेऊन दिली, मी नको नको म्हणत असताना. मग म्हणाली, "ती भिंत पडली का वो शेवटी?"

"नाही पडली. आता पडायचीही नाही. सळ्या घातल्यात."

"नक्की?"

"नक्की."

तिनं माझ्या कानांकडं बघितलं आणि मान डोलावली. "बरं झालं," ती म्हणाली. "माझी थोरली लेक जाती तितं आता."

बाजारात गर्दी वाढली होती. तिला परतीची गाडी गाठायची होती. ती गेली, आणि मी गुळाची ढेप हातात धरून तिथंच उभा राहिलो.